लक्ष देणे आणि लक्ष लागणे

मराठीत जेवढ्या आज्ञा आहेत, त्यांतली सर्वांत अधिक वेळा दिली जाणारी आणि सर्वांत कमी वेळा पाळली जाणारी आज्ञा कोणती, असे मला कोणी विचारले, तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन: ‘लक्ष दे!’ बस, ऊठ, ये, जा या आज्ञा कानांवर पडल्या की काय करायचे ते ऐकणाऱ्याला कळते. ‘लक्ष दे’ म्हटल्यावर मात्र त्याने नेमके काय करायचे? डोळे मोठे करायचे? कान टवकारायचे? अधूनमधून मान डोलवायची? आमच्या महाविद्यालयातले विद्यार्थी या तिन्ही गोष्टी उत्तम करतात, आणि लक्ष मात्र फाटकाबाहेरच्या वडापावच्या गाडीवर ठेवतात.

मी मराठीचा प्राध्यापक. शब्द दिसला की तो उलटासुलटा करून पाहण्याची खोड मला धंद्यामुळेच लागलेली. ‘लक्ष’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. त्याचा एक अर्थ अवधान आणि दुसरा अर्थ शंभर हजार! एका ठिकाणी ठेवायचे तेही लक्ष, आणि लक्ष ठिकाणी धावते तेही लक्षच. त्याच्या सोबतीची क्रियापदे पाहा. आपण लक्ष देतो, लक्ष ठेवतो, लक्ष घालतो, लक्ष पुरवतो. पण लक्ष लागते, लक्ष उडते, लक्ष जाते. पहिल्या गटात कर्ता माणूस असतो. दुसऱ्या गटात माणूस बाजूलाच राहतो आणि लक्ष हेच कर्ता होऊन बसते. ‘मी लक्ष दिले’ म्हणजे मी काही केले. ‘माझे लक्ष लागले’ म्हणजे माझ्या बाबतीत काही घडले. व्याकरणाच्या पुस्तकात हा भेद एका ओळीचा आहे. पण या एका ओळीपायी एका दहा वर्षांच्या मुलाची शाळा सुटायची वेळ आली होती.

तो मुलगा म्हणजे माझा भाचा, ताईचा एकुलता एक. त्याचे नाव सांगत नाही. आता तो आठवीत आहे, आणि दिवाळी अंकात आपली कथा आली आहे हे त्याच्या मित्रांना कळले, तर माझी धडगत नाही. आपण त्याला भाचेबुवा म्हणू.

भाचेबुवा पाचवीत होते तेव्हाची गोष्ट. अंगात पारा भरलेला. जेवताना एक पाय पाटावर तर दुसरा पाय स्वयंपाकघराच्या दाराकडे. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर तयार, आणि उत्तर बरोबर निघाले तरी प्रश्न दुसराच! ताई त्याच्या शाळेची डायरी मला दाखवायची. तिच्यात तांबड्या शाईने शेरे लिहिलेले असत. ‘जागेवर बसत नाही.’ ‘मध्येच बोलतो.’ ‘गृहपाठ केला नाही.’ ‘गृहपाठ केला आहे असे सांगतो, वही घरी राहिली म्हणतो.’ यातला शेवटचा शेरा मी पडताळून पाहिला. वही खरेच घरी होती आणि गृहपाठ खरेच केलेला होता. केलेला गृहपाठ घरी ठेवून शाळेत जाऊन मार खाणे याला आळस म्हणता येत नाही, लबाडी तर नाहीच नाही. मग काय म्हणायचे?

शाळेने त्यावर शब्द शोधून ठेवला होता. सहामाहीनंतर ताईला बोलावणे आले. मुलगा हुशार आहे, परंतु त्याच्यामुळे वर्गाचे नुकसान होते; त्याला झेपेल अशी दुसरी एखादी शाळा पाहावी, असे अतिशय गोड भाषेत सुचवण्यात आले. ताई बँकेत नोकरी करते. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब चोख ठेवणारी माझी बहीण त्या संध्याकाळी आमच्या घरी येऊन न बोलता बसून राहिली. भाचेबुवा गॅलरीत माझ्याजवळ आले. कठड्याची सळई खडखडवत म्हणाले, “मामा, मी मुद्दाम नाही रे करत. झाल्यावर कळतं मला.”

‘झाल्यावर कळतं मला’ या तीन शब्दांत त्याने जे सांगितले, ते सांगायला वैद्यकशास्त्राला शंभराहून अधिक वर्षे लागली.

फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिख हॉफमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आपल्या लहान मुलासाठी एक चित्रमय पुस्तक केले. त्यात जेवणाच्या टेबलावर खुर्ची झुलवणारा एक फिलिप आहे. शेवटी तो टेबलावरच्या चादरीसकट सारे जेवण अंगावर ओढून घेतो. वाचणाऱ्याने हसावे आणि मुलांनी धडा घ्यावा, एवढाच हेतू. पुढे १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांवर तीन व्याख्याने दिली. बुद्धी ठीक असूनही या मुलांना स्वतःला आवरता येत नाही, हे त्यांनी अचूक टिपले. पण त्याला नाव दिले ते ‘नैतिक नियंत्रणातला दोष’. म्हणजे दुखणे ओळखले आणि ठपका मात्र चारित्र्यावर ठेवला. आपणही याहून निराळे काही केलेले नाही. द्वाड, उनाड, वाह्यात, धांदरट, उतावळा, उंडगा: मराठीत अशा मुलासाठी शब्दांचा दुष्काळ नाही. आणि त्यांतला प्रत्येक शब्द शेवटी शिवीच आहे. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या ग्रंथात या अवस्थेला अवधानाच्या उणिवेवरून नाव मिळाले आणि १९८७ साली त्यात अतिचंचलताही आली. आज जगभर ए.डी.एच.डी. म्हणतात ते हेच. निरनिराळ्या देशांतली पाहणी एकत्र केली, तर शंभर मुलांत सुमारे पाच मुले अशी निघतात. म्हणजे साठ मुलांच्या आपल्या वर्गात तीन. बाकावर बसलेली, किंवा बाकावरून उठलेली!

ताई आणि भाऊजी त्याला घेऊन एका मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेले. सोबत भाऊजींच्या मातोश्री होत्या आणि मीही होतो. बाईंनी बरेच काही विचारले आणि शेवटी सहज म्हणाल्या, “वडील लहानपणी कसे होते?” भाऊजी खिडकीबाहेर पाहू लागले. आजी मात्र पदर तोंडाला लावून हसल्या. “याचा बाप होय? अहो, एका पावसाळ्यात तीन छत्र्या हरवल्यान् यानं! आणि चौथी दिली ती दुसऱ्याची घेऊन आला.” ही अवस्था घराण्यात उतरते, आणि तिच्यात वारशाचा वाटा फार मोठा असतो, हे बाईंनी मग समजावून सांगितले. पण त्याआधीच भाऊजींचा चेहरा बदललेला मी पाहिला होता. इतके दिवस ते मुलाकडे फिर्यादीच्या नजरेने पाहत होते. आता त्या पिंजऱ्यात आपणही कधी उभे होतो, हे त्यांना आठवले असावे.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अशा २२३ मुलांच्या आणि तितक्याच इतर मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा त्यांनी ताडून पाहिल्या. मेंदूवरच्या करड्या थराची जाडी वाढत वाढत जो कळस गाठते, तो इतर मुलांत साधारण साडेसात वर्षांच्या सुमारास, आणि या मुलांत साडेदहाच्या सुमारास. वाढीचा क्रम तोच. गाडी तीन वर्षे उशिरा. आणि सर्वांत अधिक उशीर कपाळामागच्या त्या भागात, जो हातातले काम धरून ठेवतो आणि उसळलेल्या इच्छेला ‘थांब’ म्हणतो. भाचेबुवांच्या ‘झाल्यावर कळतं’चा अर्थ असा होता. तुमच्या-माझ्या मनात इच्छा आणि कृती यांच्यामध्ये एक पहारेकरी उभा असतो. त्याचा पहारेकरी उशिरा कामावर येत होता.

तरीही ताईच्या मनात एक शंका राहिलीच होती, आणि ती प्रत्येक आईच्या मनात असते. “अरे, दिवाळीत किल्ला करायला हाच मुलगा तीन-तीन तास चिखलात बसतो. बुरूज थापतो, पायऱ्या कोरतो, मोहरी पेरून रान उगवतो, मावळे मांडतो. तेव्हा लक्ष कुठून येतं? मग गणिताला दहा मिनिटं का येत नाही?”

उत्तर त्या व्याकरणाच्या एका ओळीत आहे. किल्ल्यात त्याचे लक्ष लागते. गणितात ते द्यावे लागते. चिखलाची प्रत्येक मूठ थापली की बुरूज वाढलेला दिसतो, ढासळला तर ढासळलेला दिसतो. काम क्षणोक्षणी हाक मारते आणि क्षणोक्षणी उत्तर देते. गणिताच्या वहीतली दहा उदाहरणे मुकी असतात. त्यांचे उत्तर तिमाहीच्या निकालात मिळते. या मुलांचे ‘लागणे’ शाबूत असते, कधी इतरांहून तेज असते. अडते ते ‘देणे’. त्यामुळे किल्ल्याचा दाखला देऊन मुलाला दोषी ठरवणे म्हणजे ज्याला उतारावर पळता येते, त्याला चढावर दम लागला म्हणून खोटारडा ठरवणे होय.

मग हे ‘देणे’ शिकवायचे कसे? येथे मला त्या मुलाच्या वर्गशिक्षिकांची गोष्ट सांगितली पाहिजे. शाळेने दुसरी शाळा पाहायला सांगितले होते, या बाई मात्र म्हणाल्या, “एक सत्र माझ्यावर सोडा.” पन्नाशीच्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या बाई. त्यांनी डॉक्टरीणबाईंशी दोनदा बसून बोलणे केले आणि कामाला सुरुवात केली ती फळ्यावर बोलत बोलत गणित सोडवण्यापासून. “आता मला काय करायचंय? वजाबाकी. आधी काय? एकं स्थान. तीनातून सात जात नाहीत, म्हणून हातचा घेते... अरेच्या, हातचा द्यायचा राहिला. हरकत नाही, पुन्हा बघते.” बाई चुकत होत्या, त्या जाणूनबुजून. चूक झाली की वही न फाडता स्वतःशी काय बोलायचे, हेही त्यांना शिकवायचे होते.

ही युक्ती बाईंच्या घरची नव्हे. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगॉट्स्की १९३४ साली वयाच्या ३७ व्या वर्षी क्षयाने गेले. त्याच वर्षी त्यांचा विचार आणि भाषा यांवरचा ग्रंथ बाहेर आला. लहान मुले खेळताना एकटीच बडबडतात, ती बडबड निरर्थक असून वयाबरोबर विरून जाते, असे तोवर मानीत. विगॉट्स्की म्हणाले, ती विरत नाही, आत जाते. मुलाच्या कामात मुद्दाम अडथळा आणला, चित्र काढताना हवी ती पेन्सिल नाहीशी केली, तर त्याची बडबड जवळजवळ दुप्पट होते, हे त्यांनी दाखवले. म्हणजे ती बडबड हे त्याचे हत्यार असते. प्रथम आई सांगते, मग मूल स्वतःला मोठ्याने सांगते, मग पुटपुटते, आणि अखेर मनातल्या मनात म्हणते. आपण ज्याला संयम म्हणतो, तो एके काळी कोणा मोठ्या माणसाचा आवाज होता.

हे वाचताना मला आपल्या परवच्याची आठवण झाली. दिवेलागणीला पाढे, तिथी, नक्षत्रे आणि मग मनाचे श्लोक मोठ्याने म्हणायचे, ही चाल आता फारशी उरली नाही. रामदासांचे ते २०५ श्लोक. प्रारंभीचे नमन सोडले तर ते कोणाला उद्देशून आहेत? देवाला नव्हेत, राजाला नव्हेत. ते मनाला उद्देशून आहेत. माणूस आपल्याच मनाला समोर बसवतो आणि कधी गोंजारून, कधी दटावून त्याला काय धरायचे नि काय सोडायचे ते सांगतो. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांची मुले हे स्वतःशी बोलणे आधी घोळक्याने आणि मोठ्याने शिकली. रामदासांना अतिचंचल मुलांची चिकित्सा करायची नव्हती, हे मला ठाऊक आहे. पण मन हे हुकमाने वळत नाही, त्याच्याशी बोलावे लागते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

कॅनडातले डोनाल्ड मायकेनबॉम आणि त्यांचे सहकारी जोसेफ गुडमन यांनी १९७१ साली याच वाटेने दुसरीतल्या उतावळ्या मुलांना शिकवले. पायऱ्या पाच. मोठा माणूस बोलत बोलत काम करतो आणि मूल पाहते. मग मूल करते, मोठा बोलतो. मग मूल स्वतःच मोठ्याने बोलत करते. मग कुजबुजत. मग मनात. बाईंनी भाचेबुवांना या पाच पायऱ्या चढवायला अडीच महिने घेतले. त्यांच्या कंपासपेटीच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर तीनच ओळी: काय करायचे आहे? आधी काय? तपासले का?

ही चिठ्ठी कंपासपेटीत होती, घरच्या भिंतीवर नव्हती, यात फार मोठे मर्म आहे. स्वतःशी बोलण्याचे धडे वेगळ्या खोलीत बसवून दिले, तर शहाणपण त्या खोलीतच राहते; वर्गात मूल पूर्वीसारखेच उधळते, असा अनुभव पुढे अनेकांना आला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी याचे कारण दाखवून दिले. काय करावे हे या मुलांना माहीत असते. माहीत असलेले ऐन वेळी हातून घडत नाही. म्हणून मदत ऐन वेळी आणि ऐन जागी हवी. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली होती. मूल शाळेत येत नाही, तर शाळा कुरणात जाईल. त्या मुलांची अडचण निराळी होती, पण दृष्टी हीच. जिथे मूल अडते, तिथे आपण जायचे.

बाईंची दुसरी युक्ती मला भाषेचा मास्तर म्हणून फार आवडली. ‘जर-तरची भाषा नको’ असे आपण म्हणतो, कारण आपल्याकडे जर-तर म्हणजे टाळाटाळ. बाईंनी मात्र जर-तरलाच कामाला लावले. ‘मी नीट वागेन’ या प्रतिज्ञेऐवजी तीन वाक्ये भाचेबुवांकडून पाठ करून घेतली. ‘जर उत्तर तोंडावर आले, तर मी आधी हात वर करीन.’ ‘जर शेजारचा बोलला, तर मी हातातली ओळ आधी पुरी करीन.’ ‘जर घंटा झाली, तर दप्तर उचलण्याआधी बाकाखाली हात घालून पाहीन.’ पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी अशा जर-तरच्या बेतांचा बराच अभ्यास केला आहे. आणि २००८ साली कॅटरिना गाव्रिलोव यांच्यासह त्यांनी दाखवले की, जिथे थांबायचे तिथे थांबणे या मुलांनाही अशा बेताने अधिक जमते. कारण सोपे आहे. ‘नीट वाग’ ही आज्ञा दिवसभर आठवणीत धरावी लागते. जर-तरमध्ये आठवण करून द्यायचे काम घंटेवर सोपवलेले असते. घंटा काही विसरत नाही.

तिसरी गोष्ट हजेरीची. एका कार्डावर बारा चौकोन. तासाला बाई फिरता फिरता मधूनच त्याच्या बाकावर दोनदा बोट वाजवीत. त्या क्षणी आपण कामावर होतो की नव्हतो, हे त्याने स्वतःच ठरवायचे. होतो तर बरोबरची खूण, नव्हतो तर टिंब. टिंबाला शिक्षा नाही, फक्त खरे लिहायचे. इतरांची हजेरी बाई घेत. हा आपल्या मनाची हजेरी घेई. पहिल्या दिवशी बारांत नऊ टिंबे होती. घरी येऊन त्याने ती मोजून दाखवली तेव्हा ताईचे डोळे भरले. तो मात्र खुशीत होता. “तीन वेळा होतो की गं मी!” म्हणाला. तांबड्या शाईच्या डायरीने त्याला ही तीनची बातमी कधी दिलीच नव्हती. त्या तीन खुणांवर संध्याकाळी बाबांबरोबर कॅरमचा एक डाव ठरलेला असे. बक्षीस लहान, पण त्याच दिवशी. या मुलांना निकालाच्या दिवशीची सायकल फार दूर वाटते.

चौथी गोष्ट वेळ. ‘पाच मिनिटांत कर’ यातली पाच मिनिटे अशा मुलाला दिसतच नाहीत. लग्नात मुहूर्ताची वेळ मोजायला आपल्याकडे घटिकापात्र ठेवीत. बुडणारी वाटी दिसली की भटजींपासून वरमाईपर्यंत सर्वांना वेळ कळे. बाईंनी टेबलावर वाळूचे छोटे घड्याळ ठेवले. दहा उदाहरणे एकदम न देता तीन, तीन आणि चार अशी दिली. दर तुकड्यानंतर भाचेबुवांनी उठायचे. हजेरीपट कार्यालयात पोचवायचा, डस्टर झाडून आणायचे, वह्या वाटायच्या. पूर्वी उठला म्हणून शिक्षा होत असे. आता उठणे हेच काम झाले. शेवटच्या बाकाशी उभे राहून लिहायलाही परवानगी मिळाली. फ्लोरिडातले मार्क रॅपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१५ साली आढळले की, डोक्यात गोष्टी धरून ठेवण्याचे काम चालू असताना अशी मुले जितकी अधिक हलतात, तितके ते काम त्यांना अधिक जमते. पाय हलतात म्हणून डोके चालत नाही, असे आपण समजतो. कित्येकदा पाय हलतात म्हणूनच ते चालत असते.

हे सारे पाहून एका रविवारी भाऊजी म्हणाले, “पण हे किती दिवस? चिठ्ठ्या, घड्याळं, कार्डं! उद्या जगात याच्या बाकावर बोट वाजवायला कोण येणार? या कुबड्याच नाहीत का?”

भाऊजी सातारकडचे, विहिरीत पोहायला शिकलेले. मी विचारले, “तुम्ही पोहायला कसे शिकलात?”

“पाठीला वाळका भोपळा बांधून.”

“आता बांधता?”

भाऊजी हसले. “पण आमच्या वडिलांनी तो एकदम सोडला नव्हता हो. आधी मोठा, मग लहान. मग नुसती दोरी कमरेला आणि तिचं टोक त्यांच्या हातात. ते टोक त्यांनी कधी सोडलं, मला कळलंच नाही.”

आत्मसंयमाचे सारे शास्त्र मला या उत्तरात सापडले. कुबडी पायाचे काम करते. भोपळा हातपाय मारू देतो. बाईंनीही तसेच केले. बारा चौकोनांचे सहा झाले, सहांचे तीन. पुढे कार्ड गेले आणि कंपासपेटीतली चिठ्ठी तेवढी राहिली.

औषधाविषयी चार शब्द लिहिले पाहिजेत, कारण आपल्याकडे त्याविषयी एक तर भीती असते किंवा भाबडी आशा. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी काही मुलांना डोकेदुखीसाठी एक उत्तेजक औषध दिले आणि योगायोगाने त्यांचा अभ्यास सुधारलेला पाहिला. त्याच जातीची औषधे आज तज्ज्ञ डॉक्टर विचारपूर्वक देतात. अनेक मुलांना त्यांचा चांगला उपयोग होतो आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ते द्यायचे की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे. मामांनी नव्हे, शेजाऱ्यांनी तर नव्हेच. पण औषध घेतले तरी हातचा कधी द्यायचा ते कोणीतरी शिकवावेच लागते. विहिरीचे पाणी निवळ झाले म्हणून पोहणे येत नाही.

आणि कायदा? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांनाही त्यात मनाई आहे. म्हणून तर ‘काढतो’ असे कोणी म्हणत नाही. ‘दुसरी शाळा पाहा’ असे म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार नोंदले आहेत. त्यांत वाचन-लेखनाच्या विशिष्ट अडचणींचा समावेश आहे. पण अवधानाच्या या अवस्थेचे नाव त्या यादीत नाही. तेव्हा असे मूल बरेचसे शिक्षकाच्या भल्या मनावर अवलंबून राहते. कायदा मुलाला शाळेच्या पटावर ठेवू शकतो. त्याला वर्गात सामावून घेणे बाईंच्याच हाती असते. आणि साठ मुलांच्या वर्गात हे करताना त्या बाईंचे काय होते, हेही आपण विचारले पाहिजे. त्यांना ना जादा वेळ मिळाला, ना कोणी मदतनीस. भाचेबुवांसाठी आणलेले वाळूचे घड्याळ त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतले होते.

भाचेबुवांची शाळा सुटली नाही. ते आठवीत त्याच शाळेत आहेत. हा चमत्कार नव्हे, आणि गोष्ट इथे संपतही नाही. यंदाच्या पावसाळ्यात दोन छत्र्या हरवल्या. हे प्रमाण वडिलांपेक्षा एकाने कमी आहे, असे आजी अभिमानाने सांगतात. कधी रागाच्या भरात तो अजून तोंडाला येईल ते बोलून जातो आणि मग रात्री उशिरा आईपाशी येऊन बसतो. पण तो स्वतःला वाईट म्हणत नाही. दहाव्या वर्षी तो ते म्हणू लागला होता. छत्र्या पुन्हा विकत मिळतात; ‘मी वाईट आहे’ ही समजूत एकदा मुलाच्या मनात बसली, की ती कोणत्या दुकानात परत करायची?

परवा ताईकडे गेलो होतो. आतल्या खोलीतून हलका आवाज येत होता. ताई म्हणाली, “फोनवर असेल कुणाशी.” मी दारातून डोकावलो. फोन बाहेरच्या टेबलावर होता. समोर बीजगणिताची वही, एक पाय खुर्चीवर, एक खाली हलतो आहे, आणि ओठ पुटपुटत आहेत. मी आल्या पावली परतलो. तिथे दोघांचे बोलणे चालले होते, आणि त्यात तिसऱ्याचे काम नव्हते.

दिवाळीची सुटी संपेल, शाळा पुन्हा भरतील. वाचकांत शिक्षक असतील, आया असतील, बाप असतील. त्यांच्या वर्गात किंवा घरात एखादे पाऱ्यासारखे मूल असेलच. त्याला ‘लक्ष दे’ असे म्हणावेसे वाटेल तेव्हा त्याऐवजी जवळ जाऊन, पुस्तकावर बोट ठेवून, ‘ही पहिली ओळ वाच’ एवढेच म्हणून पाहावे. ही आज्ञा त्याला पाळता येण्यासारखी आहे.